जुन्या मोटारीचे नवे इंजिन आणि त्याचा जमाखर्च

एखाद्या जुन्या मोटारीतील मूळचे इंजिन उतरवून त्या जागी दुसऱ्या जातीचे, अधिक जोरदार इंजिन बसविणे हा उद्योग कारागिराचा खरा. परंतु तो फसतो तेव्हा बहुधा हातोडी-पान्याशी फसत नाही, वहीशी फसतो. इंजिन बसत नाही म्हणून काम थांबलेल्या मोटारी थोड्या. पैसे संपले म्हणून ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या मोटारी पुष्कळ. ह्याच कारणाने आयुष्यभर मुलांना त्रैराशिक व जमाखर्च शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसास ह्या विषयावर बोलण्याचा थोडासा अधिकार पोचतो, असे मी समजतो. मोटार मला चालविता येत नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. हिशेब तपासण्यास ते आवश्यक नाही.

माझा एक भाचा इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ राहतो. त्याच्यापाशी १९७२ सालची एम. जी. बी. जी. टी. ही दोन दारांची स्पोर्ट्‌स मोटार आहे, आणि तिच्यात रोव्हर कंपनीचे आठ सिलिंडरांचे इंजिन घालावे असे त्याच्या मनाने घेतले आहे. त्याच्या पत्नीने, म्हणजे माझ्या भाचेसुनेने, मला लिहिले : “मामा, स्वयंपाकघर दुरुस्त करण्यासाठी आम्ही तीन वर्षे बाजूला टाकीत आलेली रक्कम ह्यांनी ‘तात्पुरती’ म्हणून मागितली आहे. नाही म्हणणे माझ्या जिवावर येते. तुम्ही ह्यांचा हिशेब एकदा पाहा.” हिशेब आला. एका कागदावर सहा ओळी होत्या, आणि पहिल्या ओळीतच अर्धी रक्कम इंजिनाच्या किमतीची होती. अशा कागदावरून संसारातील रक्कम मोडावी की नाही, हा प्रश्न माझ्यापुढे होता. आणि तो केवळ आमच्याच घरचा प्रश्न आहे असे मला वाटत नाही.

प्रथम ही मोटार कोणती ते सांगितले पाहिजे. एम. जी. बी. ही १९६२ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार होत असे, आणि ह्या अवधीत तिच्या पाच लाखांहून अधिक प्रती निघाल्या. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, बिडाचे, १७९८ घनसेंटिमीटरचे व सुमारे ९५ अश्वशक्तीचे. आपणांस हे घराणे अगदीच अपरिचित नाही. कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत जी ॲम्बॅसडर मोटार निघत असे, तिच्यात दीर्घकाळ असलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ह्याच ब्रिटिश ‘बी’ मालिकेतील, म्हणजे एम. जी. बी.च्या इंजिनाचे धाकटे भावंडच होय. आपल्या ॲम्बॅसडरमध्ये पुढे डिझेलचे आणि नंतर इसुझूचे इंजिन खुद्द कारखान्यानेच बसविले. तेव्हा जुन्या शरीरात नवे हृदय घालण्याचा प्रकार आपल्याकडेही घडून गेला आहे. भेद इतकाच, की तेथे खर्चाचा अंदाज कारखान्याने केला आणि येथे तो एका गृहस्थाला करावयाचा आहे.

आता आठ सिलिंडरांचे ते इंजिन. त्याचा जन्म अमेरिकेत ब्यूइक मोटारीसाठी झाला. १९६१ ते १९६३ एवढाच काळ तेथे ते नांदले. नंतर रोव्हर कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि १९६७ साली ते आपल्या थोरल्या मोटारीत घातले. त्याचा ठोकळा ॲल्युमिनियमचा असल्यामुळे आठ सिलिंडर असूनही त्याचे वजन एम. जी. बी.च्या बिडाच्या चार सिलिंडरांइतकेच भरते. सगळी गोम ह्यातच आहे. मोटारीचे नाक जड होत नाही, तोल बिघडत नाही, आणि पुढच्या स्प्रिंगांचा खर्चही मर्यादेत राहतो. केन कॉस्टेलो ह्या इंग्रज कारागिराने १९७०च्या सुमारास हा संयोग करून दाखविला व तशा मोटारी विकावयास आरंभ केला. मग कारखान्याने १९७३ मध्ये स्वतःची एम. जी. बी. जी. टी. व्ही-८ काढली. ती १९७६ पर्यंत चालली, आणि तिच्या अवघ्या २,५९१ प्रती निघाल्या. तीत ३५२८ घनसेंटिमीटरचे व १३७ अश्वशक्तीचे इंजिन होते, आणि इंजिनाचा पीळ मूळच्या इंजिनापेक्षा पाऊणपटीने अधिक होता. माझ्या भाच्यास हवी आहे ती हीच मोटार; पण तयार मिळणारी अस्सल व्ही-८ महाग, म्हणून घरी करावयाची.

कागदावरील पहिली ओळ इंजिनाची नसून पत्र्याची असली पाहिजे, असे मी त्यास प्रथम लिहिले. ह्या मोटारीस स्वतंत्र सांगाडा नाही. तिचे अंग हाच तिचा सांगाडा, आणि दारांखालच्या पेटीसारख्या पट्ट्यांवर त्याची मदार आहे. इंग्लंडच्या हवेत ह्या पट्ट्या आतून गंजतात व बाहेरून रंग झळकत राहतो. पन्नास वर्षांच्या मोटारीत वाढीव जोराचे इंजिन घालण्यापूर्वी तो पत्रा ठोकून, खरवडून पाहावा, आणि वेल्डिंगचा अंदाज कारागिराकडून लेखी घ्यावा. ज्या घराच्या पायात वाळवी आहे त्यावर मजला चढविण्याचा अंदाज कोणता गवंडी देईल? ह्याच ओळीत मोटारीचे सालही येते. १९७४च्या अखेरीपासून निघालेल्या, रबरी बंपरच्या मोटारींमध्ये इंजिनाच्या कोनाड्याच्या भिंती व्ही-८ मावेल अशा बनविलेल्या असतात. भाच्याची मोटार १९७२ची, क्रोमच्या बंपरची. तिच्यात त्या भिंती ठोकून वा कापून जागा करावी लागणार. दोन वर्षांच्या अंतराने खर्चाची एक आख्खी ओळ वाढली, आणि ती त्याच्या कागदावर नव्हती.

इंजिनाकडे वळू. वापरलेले इंजिन ‘चालू स्थितीत’ म्हणून मिळते. पण चालू स्थिती म्हणजे चांगली स्थिती नव्हे. ह्या जातीच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट झिजतो, त्याची चेन ताणली जाते, ४.० व ४.६ लिटरच्या उत्तरकालीन ठोकळ्यांत सिलिंडराच्या अस्तरामागून पाणी झिरपण्याची तक्रार प्रसिद्ध आहे. म्हणून इंजिनाची किंमत मांडताना तेवढीच रक्कम ते उघडून नीट करण्यासाठी मांडावी, हा माझा दंडक. कोणी म्हणेल, रोव्हरची आख्खी जुनी मोटारच विकत घेऊन तिचे इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग सगळे काढून घ्यावे. एके काळी हा सल्ला चोख होता. आज त्या जुन्या रोव्हर मोटारींनाही रसिक भेटू लागले आहेत. एक जुनी वस्तू जगविण्यासाठी दुसरी मोडावी, हे मला तरी रुचत नाही.

गिअरबॉक्स व मागच्या एक्सेलविषयी मात्र मला थोडे अंकगणित करू द्या, कारण येथेच पुष्कळजण काटकसर करू पाहतात. मूळच्या एम. जी. बी.च्या मागच्या एक्सेलचे गुणोत्तर सुमारे ३.९ आहे, इंजिनाचे एक हजार फेरे होतात तेव्हा शेवटच्या गिअरमध्ये मोटार तासाला सुमारे १८ मैलांच्या वेगाने धावते. म्हणजे इंग्लंडच्या मोठ्या रस्त्यावरील ७० मैलांच्या मर्यादेस इंजिन मिनिटाला जवळजवळ ३,९०० फेरे घेणार. कारखान्याने व्ही-८ मोटारीस ३.०७ चा एक्सेल घातला. १८ ला ३.९ ने गुणून ३.०७ ने भागा. उत्तर सुमारे २३ येते. तोच ७० मैलांचा वेग आता तीन हजारांच्या आसपास फेऱ्यांत मिळतो. इंजिन बदलून एक्सेल जुनाच ठेवणारा मनुष्य दणकट बैल आणून त्यास वासराचे जू घालतो. बैल उगाच धापा टाकतो आणि पेट्रोल मात्र दणकट बैलाइतकेच पितो. ह्या भागासाठीही रक्कम हवी. जुना चार गिअरांचा बॉक्स हा पीळ फार दिवस सोसणार नाही; खुद्द कारखान्यानेही तो बळकट करून घातला आणि त्याचा ओव्हरड्राइव्ह शेवटच्या गिअरपुरताच ठेवला. बरेच लोक रोव्हर एस. डी. १ मोटारीचा पाच गिअरांचा बॉक्स घालतात. त्याबरोबर क्लच आला, मापाने कापून घेतलेला प्रॉपेलर शाफ्ट आला, खालचा आधार आला.

इंजिन अधिक तापणार म्हणून रेडिएटर पुढे सरकवून त्यास विजेचे पंखे लावणे आले. धुराच्या नळ्यांना स्टिअरिंगचा दांडा आडवा येतो. त्याच्याभोवतून वाट काढणारे ओतीव मॅनिफोल्ड घ्यावे, नाहीतर १९९३ साली निघालेल्या आर. व्ही. ८ ह्या मोटारीप्रमाणे कोनाड्याच्या भिंतीतून नळ्या चाकाकडे काढाव्या. कोणता मार्ग धरावयाचा हे आधी ठरले नाही, तर नळ्या दोनदा विकत घेण्याची पाळी येते. ब्रेकांविषयी लिहावयास नको; जो वेग वाढवितो त्याने थांबण्याची सोय वाढविली पाहिजे, आणि ह्या ओळीस कात्री लावावयाची नाही, असे मी भाच्यास लाल शाईने लिहिले आहे.

उरल्या किरकोळ वस्तू. ‘किरकोळ’ हा शब्दच जमाखर्चाचा शत्रू आहे. रबरी नळ्या, पट्टे, गॅस्केट, बोल्ट, तेल, शीतक द्रव, वायरी, फ्यूज, रंगाचा डबा, भाड्याने आणलेली इंजिन उचलण्याची घोडी, चुकीचा आला म्हणून परत पाठविलेल्या भागाचे टपालखर्च : ह्यांपैकी एकही वस्तू मोठी नाही, आणि म्हणूनच कोणी ती लिहीत नाही. आमच्या घरी लग्नाच्या यादीत दागिने व जेवण बिनचूक असत. पैसे जात ते सुतळी, पत्रावळी आणि टांगेवाल्यांत.

भाच्याच्या सहा ओळींच्या अखेरीस वीस ओळी झाल्या. जुन्या रुपयाचे सोळा आणे धरून त्यांची वाटणी सांगतो. ती त्याच्या एका मोटारीची, स्वतःच्या हाताने काम करणाऱ्याची आहे, आणि पत्र्याचे काम तीत धरलेले नाही; ते वेगळे. इंजिनाची खरेदी तीन आणे. ते उघडून नीट करणे तीन आणे. गिअरबॉक्स, क्लच व शाफ्ट अडीच आणे. एक्सेल दीड आणा. पाण्याची व धुराची व्यवस्था अडीच आणे. ब्रेक, मागचे पाटे व टायर दीड आणा. किरकोळ दीड आणा. विमा व कागदपत्रे अर्धा आणा. मिळून सोळा. ह्यावर आणखी चार आणे अनपेक्षितासाठी बँकेत निराळे ठेवावयाचे आणि त्यांस हात लावावयाचा नाही. ज्याने पहिल्या कागदावर इंजिनास आठ आणे मांडले होते, त्याचा मूळचा रुपया खरोखर कितीचा व्हावयास हवा होता, हे शाळेतील मुलगाही काढील : जवळजवळ पावणेतीन रुपये, आणि चार आण्यांची भर धरली तर तीन रुपयांच्याही वर. कामही दुसऱ्याकडून करवून घ्यावयाचे असेल, तर मजुरीसाठी ह्या सोळा आण्यांच्या जोडीस दुसरा रुपया धरलेला बरा.

कायद्याची बाजूही खर्चाचीच बाजू आहे. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील मोटारींस वार्षिक तपासणीची सूट मिळाली; परंतु गेल्या तीस वर्षांत मोटारीत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. त्याच जातीच्या मोटारीस कारखान्याने स्वतः दिलेले पर्यायी इंजिन हा मोठा फेरफार मानीत नाहीत. सिलिंडरांची संख्या बदलली तर मात्र संशय उत्पन्न होतो. भाच्याच्या बाजूने एवढे आहे, की १९७३ची कारखान्याची व्ही-८ हा त्याचा पुरावा. विमा कंपनीस फेरफार आधी कळविणे अवश्य. न कळविल्यास अपघाताच्या दिवशी विमा असून नसल्यासारखा. आपल्या देशात १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे फेरफार नोंदणीशी बांधून ठेवते. आणि २०२१ साली पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी जे विशेष नोंदणीचे नियम झाले, त्यांत मोटार मूळ रूपात असावी अशीच अपेक्षा आहे. मुंबई-पुण्याच्या ज्या गृहस्थाच्या मनात असा बेत असेल, त्याने पाना हाती घेण्यापूर्वी हे नियम वाचावे.

घातलेला पैसा विकताना परत येतो काय, असे भाचेसुनेने विचारले होते. मी स्पष्ट ‘नाही’ लिहिले. घरी केलेल्या व्ही-८ मोटारीस अस्सलाची किंमत येत नाही, आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच्या हातच्या कामाकडे संशयाने पाहते. हा खर्च म्हणजे शौकाचा खर्च. शौक वाईट नव्हे. पण तो शौकाच्या खात्यावर लिहिला पाहिजे, गुंतवणुकीच्या नव्हे.

शेवटी आमचे ठरले ते असे. स्वयंपाकघराची रक्कम जेथे आहे तेथेच राहील, आणि ते काम आधी होईल. मोटार चालू आहे, ती चालूच ठेवावयाची. सगळे भाग घरात येऊन पडेपर्यंत तिचा एक बोल्टही सैल करावयाचा नाही. दरमहा ठरीव रक्कम निराळ्या खात्यात जाईल, आणि भाग ज्या क्रमाने लागणार त्याच क्रमाने घेतले जातील : आधी पत्रा, मग एक्सेल व ब्रेक, कारण हे जुन्या इंजिनासही उपकारक आहेत, इंजिन सर्वांत शेवटी. ह्या गतीने अडीच वर्षे लागतील. भाच्याने उलट टपाली विचारले आहे, की उतरविलेले जुने इंजिन विकून चार पैसे जमेस धरावे काय. धरू नयेत, असे मी कळविले. ते तेल घालून, भोके बुजवून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवावे. पुढेमागे मोटार मूळ रूपात हवी असणारे गिऱ्हाईक आले, तर त्याच्या दृष्टीने त्या इंजिनावरील क्रमांकास नव्या आठ सिलिंडरांहून अधिक मोल असेल. भाचेसुनेची मात्र त्यावर एक हरकत आली आहे. तो कोपरा तिने स्वयंपाकघराच्या कामापुरता भांड्यांच्या खोक्यांसाठी मागितला आहे, आणि तो तिला आधी मिळावयाचा आहे.