हाडातले विरजण



दही नासले की आपण भांडे उकळत्या पाण्याने धुतो, मगच नव्या दुधाला शेजारणीकडचे विरजण लावतो. रक्ताच्या कर्करोगावरील मज्जारोपण काहीसे असेच. रक्त तयार होते ते हाडांतल्या मज्जेत. जालीम औषधांनी रोगट मज्जा नाहीशी करतात आणि जुळणाऱ्या माणसाची निरोगी मज्जा शिरेतून देतात. ती आपसूक हाडांत जाऊन रुजते व दोन-चार आठवड्यांत नवे रक्त बनू लागते.

आपल्या देशात हे प्रथम मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणींनी केले. रोगी ९ वर्षांची मुलगी, मज्जा दिली तिच्या भावाने.

हे मुद्दाम सांगते. आमच्या नात्यात अशीच वेळ आली, तेव्हा आजी अडून बसल्या, "पोरीसाठी पोराचं हाड कशाला पोखरायचं?" अहो, पोखरत नाहीत! भूल देऊन कमरेच्या हाडातून सुईने थोडी मज्जा घेतात. हल्ली पुष्कळदा हाताच्या शिरेतून, रक्तासारखीच. देणाऱ्याची काही आठवड्यांत भरून येते. सख्ख्या भावंडाशी जुळण्याचा संभव मात्र चारांत एक.

शेवटी सुनेने कोणाला न विचारता तिन्ही मुले मुंबईस नेली. भावाची जुळली नाही, धाकट्या बहिणीची जुळली. थोरली आता शाळेत जाते.