उपवास, चढण आणि देहातील शिधा



विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर आपणांस नवा नाही. नवरात्रात तो निराहार चढावा, असा आमच्या घरचा परिपाठ. मागे एका वर्षी अर्ध्या चढणीवर आमचे थोरले बंधू घामाने निथळू लागले, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. मधुमेहाची गोळी त्यांनी सकाळी नेमाने घेतली होती. फराळ मात्र वर्ज्य! कोणाच्याशा पिशवीत खडीसाखर निघाली म्हणून निभावले. खाली आणून त्यांना जेवू घातले, आणि मग आम्ही या विषयाचा शोध घेऊ लागलो.

जेवणातील साखरेपैकी सुमारे १०० ग्रॅम यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने साठते. स्नायूंत त्याच्या तिप्पट-चौपट. परंतु स्नायूंचे कोठार त्यांच्यापुरतेच. तेथील साखर रक्तात परत येत नाही. रक्ताला साखर पुरविते ते यकृत, आणि त्याचा साठा साधारणतः एका अहोरात्रात सरतो. पुढे देह मुख्यतः मेदावर जगतो. मेदापासून यकृत कीटोन तयार करते आणि दीर्घ उपवासात मेंदूही त्यांवर चालतो, हे अमेरिकेत जॉर्ज केहिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली दाखविले. १९४३ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात ७३ वर्षांच्या गांधीजींनी पाणी व थोडा फळांचा रस एवढ्यावर २१ दिवस काढले, त्याचे इंगित पुष्कळ अंशी यातच आहे.

चढणीची गोष्ट निराळी. मेद सावकाश जळतो आणि त्याला प्राणवायूही अधिक लागतो. संथ पावलांनी जाणाऱ्याचे बरेचसे मेदावर भागते. धापा टाकीत चढणारा स्नायूंतील साखर उधळतो. पैजा मारून धावणारे आमचे तरुण वर जाऊन आडवे होतात, ते उगाच नव्हे. साबुदाण्याच्या खिचडीवर उपवास करणाऱ्यांना हा प्रश्नच पडत नाही; साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशी दुप्पट खाशी! आम्हीही त्यांतलेच.

मधुमेह्याचे मात्र तसे नाही. त्याच्या काही गोळ्या पोट रिकामे असो वा भरलेले, स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढवितात. इन्सुलिनची सुई तर ते थेटच देते. इन्सुलिन यकृताला साखर सोडू देत नाही, मेदही मोकळा होऊ देत नाही. म्हणजे दोन्ही कोठारांना कुलूप, आणि वर चढणीचा खर्च! बंधूंचे झाले ते हेच.

पुढील नवरात्रापूर्वी बंधूंनी डॉक्टरांना विचारून औषधाचे मान बदलून घेतले, सकाळी दूध-केळे घेतले आणि डोंगर चढले. खडीसाखरेची पुरचुंडी वहिनींच्या कनवटीस होती.