मादलेनची वही



बाई हेर म्हटलं की आपल्याला सिनेमातली आठवते. पर्समध्ये पिस्तूल आणि मागे संगीत. मी आज जिच्याविषयी बोलणार आहे तिच्या हातात सुटकेस होती, चांगली पंधरा किलोच्या आसपास वजनाची. आत बिनतारी यंत्र. ती सुटकेस घेऊन १९४३ साली ती जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये या घरातून त्या घरात हिंडत होती.

तिचं नाव नूर इनायत खान. वडील सूफी गायक इनायत खान, मूळचे गायकवाडांच्या बडोद्याचे. तिथली संगीतशाळा ज्यांनी काढली ते मौलाबक्ष म्हणजे त्यांच्या आईचे वडील. आई अमेरिकन. नूरचा जन्म मॉस्कोत १९१४ चा, बालपण पॅरिसशेजारच्या सुरेन गावात. हार्प वाजवायची, मुलांसाठी गोष्टी लिहायची. जातककथांचं तिचं पुस्तक १९३९ साली निघालं. फ्रान्स पडल्यावर कुटुंब इंग्लंडला गेलं, आणि ही मुलगी हवाई दलात बिनतारी संदेशाचं काम शिकली. पुढे हेरगिरीच्या प्रशिक्षकांनी तिच्या अहवालात बरे शेरे मारले नव्हते. पण फ्रेंच उत्तम येणारे बिनतारीवाले लंडनच्या हेरखात्याला हवेच होते.

१९४३ च्या १६ जूनच्या रात्री छोट्या विमानानं ती फ्रान्समध्ये आंझेजवळच्या एका शेतात उतरली. सांकेतिक नाव मादलेन. आठ-दहा दिवसांतच ज्यांच्याबरोबर काम करायचं त्यांची धरपकड सुरू झाली. लंडननं परत बोलावलं, तर ही म्हणाली, बदली माणूस येईपर्यंत हलणार नाही.

या कामात थरार कमी, कटकट फार. यंत्राला लांबच लांब एरियल लागायची, ती कुठेतरी ताणून बांधायची. संदेश जरा लांबला की लहरींचा माग काढणाऱ्या जर्मन गाड्या गल्लीच्या तोंडाशी. चरित्रांत एक प्रसंग येतो. नूर झाडाला एरियल बांधू पाहत होती. शेजारचा जर्मन अधिकारी बाहेर आला, कपडे वाळत घालायची दोरी समजला आणि अदबीनं मदत करून गेला!

आता मला खरं म्हणजे एका वहीविषयी बोलायचंय. नूरला सूचना होती, संदेशांच्या ‘फाइलिंग’मध्ये फार काळजी घे. आपल्याकडे वार्ताहर म्हणतो, ‘बातमी फाइल केली’, म्हणजे पाठवली. कचेरीतला कारकून म्हणतो, ‘कागद फाइल केला’, म्हणजे जपून ठेवला. चरित्रकार सांगतात की लंडनला वार्ताहराचा अर्थ अभिप्रेत होता आणि नूरनं कारकुनाचा घेतला. गेलेला आणि आलेला प्रत्येक संदेश तिनं वहीत नीट उतरवून ठेवला. हिला वेंधळी म्हणणारे म्हणोत. मला ती सांगितलेलं इमानानं करणारी वाटते, आणि हेरानं नेमकं तेच करायचं नसतं.

ऑक्टोबरमध्ये कुणीतरी पैशासाठी तिचा पत्ता विकला. जर्मनांनी तिला पकडलं. खोलीत यंत्र सापडलं, वहीही सापडली. तिनं दोनदा निसटायचा प्रयत्न केला, दुसऱ्यांदा तर छतावरून. पुन्हा पळणार नाही असं लिहून दे म्हटलं, तिनं दिलं नाही. मग जर्मनीत फोर्झहाइमच्या तुरुंगात हातापायांत साखळ्या घालून दहा महिने. तिच्या तोंडून आम्हाला काही मिळालं नाही, हे तिला पॅरिसमध्ये कैदेत ठेवणाऱ्या कीफर या अधिकाऱ्यानंच युद्धानंतर सांगितलं.

पण वहीनं सांगितलं होतं. तिच्या यंत्रावरून जर्मन तिच्याच नावानं लंडनशी बोलत राहिले. शंका घ्यावी अशा खुणा होत्या, तिकडे काणाडोळा झाला. फेब्रुवारी १९४४ च्या अखेरीस त्या संदेशांवर विसंबून लंडननं माणसं पॅराशूटनं उतरवली. खाली जर्मन वाट पाहत होते. त्या माणसांत एक तरुणी होती, मादलेन दामेरमाँ. नूरचं उसनं नाव हिचं खरं.

१३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छावणीत चार बायकांना गोळ्या घातल्या. त्यांत नूर होती आणि दामेरमाँही. आदल्या दिवशी त्यांना आगगाडीनं नेलं. वाटेत चौघी एकमेकींना भेटून खूश होत्या आणि इंग्रजीत गप्पा मारत होत्या, असं त्यांना नेणाऱ्या जर्मन शिपायानं पुढे जबानीत सांगितलं.