होडी शाकारली, डिझेलचं काय?

जूनमध्ये मासेमारीची पावसाळी बंदी लागली की कोकणात होड्या ओढून शाकारल्या जातात. टाकीतल्या डिझेलकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. टाकी अर्धी रिकामी असेल, तर आतल्या दमट हवेतलं पाणी थंड पत्र्यावर जमतं आणि तळाशी उतरतं, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात, तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि काळा, बुळबुळीत गाळ साठतो. खरा घात होतो पहिल्या फेरीला. खाडीच्या तोंडाशी लाटा टाकी घुसळतात, गाळ वर येतो, फिल्टर तुंबतो, इंजिन बंद! शिडाच्या हौशी नौकांना हा धोका अधिक. त्यांचं इंजिन मुळातच कमी चालतं.

तेव्हा नाखवा मंडळी, टाकी जवळजवळ भरून ठेवा. झाकणाचं रबरी वायसर तपासा. डिझेल भरपूर खप असलेल्या पंपावरूनच घ्या. बायोडिझेल मिसळलेलं इंधन पाणी जास्त शोषतं, ते फार दिवस साठवू नका. हंगामाआधी तळाचा नळ उघडून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत धरा. खाली पाणी दिसलं, तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. आणि एक जादा फिल्टर होडीत हवाच.