अठराव्या वर्षानंतरचे घर



बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, निकाल मे महिन्यात लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात चालतात आणि वसतिगृहाची खोली मिळते ती त्यानंतर. ज्याच्या घरी आई-वडील आहेत, त्या विद्यार्थ्यासाठी हे चार-सहा महिने म्हणजे सुट्टी आणि थोडी धाकधूक. बालगृहात वाढलेल्या विद्यार्थ्याचा अठरावा वाढदिवस मात्र बहुधा याच काळाच्या मागेपुढे येतो. कायद्याच्या दृष्टीने त्या दिवसापासून तो बालक राहत नाही आणि बालगृहाचा आधार संपतो. महाविद्यालयाचे दार उघडण्यापूर्वीच घराचे दार मिटते. आजच्या विषयाचे मर्म या काही महिन्यांत आहे.

कायद्याने या मुलांचा विचार केलेला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१५च्या बाल न्याय अधिनियमात अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची तरतूद आहे. अठरा पूर्ण झालेल्या, पण एकवीस न ओलांडलेल्या युवकाला हा आधार मिळू शकतो. अपवादात्मक परिस्थितीत तो तेविसाव्या वर्षापर्यंत वाढवता येतो. त्यासाठी राज्यात अनुरक्षणगृहे आहेत. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत २०२२पासून अनुरक्षणासाठी दरमहा चार हजार रुपयांची तरतूद आहे. मात्र कायद्याच्या शेहेचाळिसाव्या कलमातील शब्दयोजना लक्षात घेतली पाहिजे. संस्था सोडणाऱ्या बालकास आर्थिक साहाय्य ‘देता येईल’, असे ते कलम सांगते. ‘दिलेच पाहिजे’ असे सांगत नाही.

आता साधा हिशेब मांडून पाहावा. अठराव्या वर्षी प्रवेश घेणारा विद्यार्थी तीन वर्षांची पदवी एकविसाव्या वर्षी पूर्ण करील, तीही एकही वर्ष वाया न गेल्यास. अभियांत्रिकीला चार वर्षे लागतात, वैद्यकीय शिक्षणाला साडेपाच. ज्याचे बालपण रस्त्यावर, रेल्वे फलाटावर किंवा नातलगांच्या दारोदारी गेले, त्याची शाळा मुळातच एक-दोन वर्षे मागे पडलेली असते. म्हणजे शिक्षण ऐन मध्यावर असताना आधार संपतो. कोरोनाकाळात पालक गमावलेल्या मुलांसाठी २०२१मध्ये आखलेल्या पीएम केअर्स योजनेत अठरा ते तेवीस या वयात मासिक साहाय्य आणि तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये, अशी रचना करण्यात आली. अठराव्या वर्षी मूल आपल्या पायांवर उभे राहत नाही, हे त्या योजनेने मान्य केले. मग जे मूल महासाथीच्या आधीच अनाथ झाले, त्याच्या बाबतीत हे सत्य बदलते काय?

महाराष्ट्राने या दिशेने मोलाचे पाऊल उचलले आहे. स्वतः अनाथ असलेल्या एका तरुणीने राज्यकर्त्यांपुढे गाऱ्हाणे मांडले आणि २०१८मध्ये शिक्षण व शासकीय नोकऱ्यांत अनाथांसाठी एक टक्का आरक्षणाचा निर्णय झाला. २०२१ आणि २०२३मध्ये त्यात सुधारणा झाल्या. २०२४मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कमाफीत अनाथ मुलामुलींचाही समावेश झाला. हे सारे स्वागतार्हच आहे. तथापि आरक्षणाने महाविद्यालयात जागा मिळते, घर मिळत नाही. अर्जावर ‘पालकाची स्वाक्षरी’ असा रकाना असतो. तेथे कोणी सही करावी? कायमचा पत्ता कोणता लिहावा? दिवाळीत वसतिगृह रिकामे होते, मित्र फराळाच्या ओढीने गावी निघतात. त्या तीन आठवड्यांत या मुलाने कोठे जावे? अनाथ प्रमाणपत्रापासून अधिवासाच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक कागदासाठी त्याने कोणाचा हात धरावा? या प्रश्नांची उत्तरे कोणताही शासननिर्णय देऊ शकत नाही. ती समाजानेच द्यावयाची आहेत.

आणि महाराष्ट्राच्या समाजाने ती पूर्वी दिलेली आहेत. वार लावून जेवणे आणि माधुकरी मागून शिकणे ही या भूमीतील जुनी रीत. त्या रीतीत दैन्य होतेच, पण आठवड्याच्या सात दिवशी सात घरे एका विद्यार्थ्याला ओळखत होती, हेही खरे. १९०९मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह सुरू झाले. आज ती संस्था पुणे विद्यार्थी गृह या नावाने ओळखली जाते आणि तिचे स्वतःचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही राखले नाही. कमवा आणि शिका हा मंत्र तेथूनच महाराष्ट्रभर गेला. या कार्यांचे सामर्थ्य केवळ पैशात नव्हते. मुलाचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला सोडायचे नाही, हा निश्चय त्यांच्या मुळाशी होता.

आज तोच निश्चय नव्या रूपात हवा आहे. प्रत्येक कुटुंबाने मूल दत्तक घ्यावे, असे कोणी म्हणत नाही. परंतु एका कुटुंबाने एका विद्यार्थ्याचे स्थानिक पालकत्व स्वीकारले, त्याची दिवाळी आणि उन्हाळी सुट्टी आपल्या घरी होऊ दिली, आजारपणात त्याच्या उशाशी कोणी बसले, तर त्याचे अर्धे ओझे हलके होईल. निवृत्त शिक्षकांनी प्रवेशअर्ज आणि दाखले यांची जबाबदारी घ्यावी. शिक्षणसंस्थांच्या चालकांनी सुट्टीतही वसतिगृहाच्या चार खोल्या उघड्या ठेवाव्यात. हे करताना एक पथ्य मात्र पाळावे: उपकाराची भाषा नको. या मुलांना दया नको असते. आपण कोठे आहोत, जेवलो की नाही, हे विचारणारे कोणीतरी हवे असते.

पदवीदान समारंभात प्रत्येक विद्यार्थी प्रमाणपत्र हाती घेताना एकदा प्रेक्षकांकडे वळून पाहतो. त्या गर्दीत तो आपले माणूस शोधत असतो. बालगृहातून आलेल्या मुलालाही तेथे एक ओळखीचा चेहरा दिसावा, एवढीच अपेक्षा आहे. तो चेहरा या सभागृहातील कोणाचाही असू शकतो.