पेढीवरचा कमांडो

कोपनहेगनहून लंडनला आलेल्या हँब्रो घराण्याने 1839 मध्ये तिथे पेढी काढली. अशा पेढ्यांना मर्चंट बँक म्हणत. व्यापाऱ्याच्या हुंडीवर त्यांची सही पडली की परक्या बंदरातही त्याची पत चाले.

याच घरातला चार्ल्स हँब्रो. जन्म 1897. ईटन शाळेच्या क्रिकेट संघाचा कर्णधार, आणि शाळा सुटताच पहिल्या महायुद्धात कोल्डस्ट्रीम गार्ड्सचा अधिकारी. मिलिटरी क्रॉस मिळवून तो परतला आणि पेढीवर बसला. 1928 मध्ये, अवघ्या तिशीत, बँक ऑफ इंग्लंडचा संचालक झाला.

खरी गंमत पुढेच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने घातपाती कारवायांसाठी गुप्त संघटना उभारली. तिला स्कँडिनेव्हियातही कामे करायची होती. तिथली खडान्‌खडा माहिती कोणाला? सैन्यातल्या सेनापतींपेक्षा या सावकारालाच! जानेवारी 1941 मध्ये स्वीडनमधून पाच जहाजे जर्मनांचा पहारा चुकवून ब्रिटनला पोहोचली. पोटात बॉल बेअरिंग आणि पोलाद. त्या बेतामागे हँब्रोंचा हात होता. पुढे ते त्या संघटनेचे प्रमुखच झाले. फेब्रुवारी 1943 मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत नॉर्वेच्या कमांडोंनी मायदेशातला, पण जर्मनांच्या ताब्यातला, अणुसंशोधनाला लागणाऱ्या जड पाण्याचा वेमोर्कचा कारखाना एकही गोळी न झाडता निकामी केला.

त्याच वर्षी वरिष्ठांशी मतभेद झाले, पद सुटले. मग वॉशिंग्टनला कच्च्या मालाच्या वाटाघाटी. त्यात युरेनियमही आले. युद्ध संपल्यावर स्वारी पुन्हा पेढीवर, हुंड्यांच्या हिशेबात.