कबरीवरचं वय

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ब्रायटन शहरात सेंट निकोलस चर्चच्या आवारात एक जुनी कबर आहे. दगडावरचा मजकूर थोडकाच. साके दीन महोमेद, राहणार पाटणा, हिंदुस्तान. मृत्यू २४ फेब्रुवारी १८५१. वय १०१ वर्षं. ‘साके’ म्हणजे आपला शेख.

पाटण्याचा शेख चर्चच्या आवारात कसा, हा पहिला प्रश्न. आणि खरंच एकशे एक वर्षं?

अशा अनोळखी माणसाचा शोध दगडापासून सुरू करावा, पण दगडापाशी थांबू नये. मृत्यूची तारीख चारचौघांना ठाऊक असते. वय मात्र ज्याचं तो सांगतो आणि कोरणारा सांगितलं तेच कोरतो. म्हणून ते कागदाशी ताडून पाहावं लागतं.

इथे कागद त्या माणसानंच लिहून ठेवला होता. १७९४ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात त्याचं प्रवासवर्णन दोन भागांत छापलं गेलं. भारतीय माणसानं इंग्रजीत लिहून छापलेलं हे पहिलं पुस्तक मानलं जातं. त्यानुसार त्याचा जन्म १७५९ चा. वडील कंपनीच्या बंगाल फौजेत होते, ते लढाईत मारले गेले. दहा-अकरा वर्षांचं हे पोर बेकर नावाच्या अधिकाऱ्यामागून छावणीत गेलं, पुढे सुभेदारीपर्यंत चढलं. १७८४ मध्ये बेकरबरोबर तो आयर्लंडला पोचला, इंग्रजी शिकला, ख्रिस्ती झाला आणि जेन डॅली या मुलीशी पळून जाऊन लग्न केलं.

१७५९ ते १८५१ म्हणजे ब्याण्णवच्या आत-बाहेर. मग वरची दहा वर्षं आली कुठून?

ती त्याच्या दुसऱ्या पुस्तकातून आली. १८१० मध्ये त्यानं लंडनला ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’ काढलं. हुक्का आणि हिंदुस्तानी जेवण तिथे मिळे. दोन वर्षांत दिवाळं वाजलं. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस मग ब्रायटनला गेला आणि वाफेचं स्नान व मालिश यांचा व्यवसाय त्यानं थाटला. इंग्रजीतला ‘शॅम्पू’ हा शब्द आपल्या चंपीचाच भाऊ, आणि त्या काळी त्याचा अर्थ मालिश असाच होता. १८२२ च्या पुस्तकात तो लिहितो, की माझा जन्म १७४९ चा, मी वैद्यकी शिकून फौजेत सर्जन होतो. छावणीत पोर म्हणून गेलेल्याला सर्जन व्हायला वय पुरत नव्हतं. ते त्यानं मागच्या बाजूनं वाढवून घेतलं. पुढे दोन राजांनी त्याला आपला मालिशतज्ज्ञ नेमलं.

ही लबाडीच. पण ती कशासाठी केली, तेही पाहायला हवं. परमुलुख, वेगळा रंग, बुडालेला धंदा, पाठीशी संसार. रोग्यानं विश्वासानं अंग हाती द्यावं, एवढ्यासाठी त्याला दहा वर्षं हवी होती. त्यांची किंमतही पडली. सर्जन उभा राहिला आणि बाप गमावलेलं छावणीतलं पोर पुसलं गेलं. दगडावर त्याच्या पुस्तकाचा शब्दही नाही. मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षं हा लेखक जवळजवळ विस्मरणात राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस कवी आलमगीर हाश्मी यांनी त्याच्या लेखनाकडे लक्ष वेधलं. इतिहासकार मायकेल फिशर यांनी १९९६ मध्ये त्याचं चरित्र लिहिलं आणि १९९७ मध्ये ते प्रवासवर्णन पुन्हा छापून आणलं. २००५ मध्ये लंडनच्या त्या कॉफी हाउसच्या जागी पाटीही लागली.

खोटं उघडं पडलं म्हणून माणूस लहान झाला नाही. उलट हरवलेला मुलगा त्याला परत मिळाला.

आपल्याकडे कित्येक कबरी कच्च्याच असतात, त्यांवर दगडही नसतो. जिथे आहे, तिथली अक्षरं दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजतात. आपल्या गावच्या कब्रस्तानात, चर्चच्या आवारात, छावणीच्या जुन्या दफनभूमीत जमलं तर एकदा वही घेऊन जावं. नाव उतरवावं, तारीख उतरवावी. वयही उतरवावं आणि त्याच्यापुढे एक बारीकसं प्रश्नचिन्ह करून ठेवावं.